बटणांचा बेंजो

बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं माझ्यासमोर कुणी म्हणालं की पूर्वी मी भांडायची. आता वयामुळे भांडत नाही. आत जाते आणि बेंजो आणून समोर ठेवते. लांबोडी लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारख्या दाबायच्या पट्ट्या, खाली ताणलेल्या तारा. डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पट्ट्यांवर शर्टाची आणि कोटाची बटणं चिकटवलेली आहेत आणि तारांखाली शिवणाच्या दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलेलं आहे. बटणं माझी, रीळ माझं, रिळावरची तारही मीच गुंडाळलेली. बेंजो तेवढा बाजारातला, आणि तोही त्या दुकानातला सगळ्यात स्वस्त.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. आम्ही भोरला राहायचो. मी विशी नुकतीच ओलांडली होती आणि घरात पायमशीनवर पोलकी-परकर शिवायची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रस्त्याच्या कामावर मुकादम होते आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या गायन पार्टीचे गायक. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो की कुणाचं लग्न, आबांच्या पार्टीला बोलावणं यायचं. गाणी ते स्वतः जुळवायचे आणि लाल पुठ्ठ्याच्या एका जाड वहीत लिहायचे. ज्याच्या मांडीवर ती वही, तो पार्टीचा म्होरक्या. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. ढोलकीवर माझे काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, मागे कोरसला चौघं आणि बेंजोवर मी. पोरीला स्टेजवर बसवतात म्हणून सुरुवातीला बरीच कुजबुज झाली. आबांनी एकाच वाक्यात ती मिटवली. "बोटं बगा तिची," ते म्हणाले, "बाकीचं काय बगताय?"

घाटरस्त्याच्या कामावर सुरुंग लावून दगड फोडायचे. वात पेटली की आबा आधी गड्यांना पिटाळायचे आणि सगळ्यात शेवटी स्वतः मागे फिरायचे. त्यात त्यांचे कान गेले. एकदम नाही, चार-पाच वर्षांत हळूहळू. घरात आम्ही ओरडून बोलायला लागलो. आई तर इतकी ओरडायची की शेजारीण एकदा भांडण सोडवायला म्हणून आत आली होती. पण आबांना ऐकू येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. "मला समदं ऐकू येतंय, तुमीच पुटपुटता," असं म्हणून ते उलट आमच्यावरच डाफरायचे.

गाताना ढोलकी त्यांना कळायची, कारण ढोलकी नुसत्या कानाला नाही, अंगालाही कळते. बेंजो कळायचा नाही. आमचा बेंजो मुळातच मिणमिणीत आवाजाचा होता. ढोलकी सुरू झाली की तो मलाच जेमतेम ऐकू यायचा, मग आबांना कुठून यायचा? आणि गाणाऱ्याला सूर धरायला तर बेंजोच लागतो. मग आबा गाताना लोकांकडे बघेनासे झाले. ते माझ्या बोटांकडे बघायचे. कुठली पट्टी दाबली जाते ते डोळ्यांनी टिपायचे आणि अंदाजाने सूर लावायचे. लोकांना वाटायचं, बापाला लेकीचं कौतुक आहे. मला खरं कारण माहीत होतं आणि ते माहीत असल्याचा मला रोज राग यायचा. कुणाचा राग, ते सांगता येत नाही. बहुतेक सुरुंगाचा.

म्हणून बटणं आली. पट्ट्या सगळ्या एकसारख्या काळपट होत्या, लांबून ओळखू येत नव्हत्या. माझ्या डब्यात उरलेली बटणं ढीगभर होती. शुद्ध सुरांना मी शर्टाची पांढरी बटणं लावली, कोमल सुरांना कोटाची काळी, आणि षड्जाला एक मोठं लाल बटण, कुण्या साहेबांच्या बायकोच्या झग्यातून उरलेलं. पट्ट्या खडखड वाजायच्या, त्यांच्या खाली बनातीच्या जाड लोकरी चिंध्या शिवून बसवल्या. नखी तुटली होती, तर शर्टाच्या कॉलरमध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी कापून नवी केली. आबांना सांगितलं की शोभेसाठी केलंय. ते म्हणाले, "बेंजोला कोट घातलास व्हय?" पण लाल बटण त्यांना बसल्या जागेवरून दिसायचं, आणि दोन-तीन कार्यक्रम निभावून गेले.

जयंतीला नाही निभावलं. भर गर्दीत आबांचा आवाज वर चढला आणि सुराच्या बाहेर जाऊन तिथेच उभा राहिला. मी लाल बटण दाबून दाबून थकले. कुठली पट्टी ते त्यांना दिसत होतं, पण आपला आवाज तिच्यावर बसलाय की नाही, ते बघून कसं कळणार? पुढे बसलेली पोरंटोरं हसली, मग मोठी माणसंही हसली. आबांना हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांनी गाणं पुरं केलं. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका आले. वाईट माणूस नव्हता, त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. पण पार्टीतल्या सगळ्यांनी त्यांना पुढे घातलं होतं. ते आबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "दादा, आता तुमी बसून ऱ्हावा. गानी तुमीच लिवा, गातो आमी."

आबांनी लाल वही ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "पासलीच्या कार्यक्रमाची सुपारी म्या घेतलीया. पुनवंला तितं गातो. तितं चुकलो तर वही तुझी."

बुद्धपौर्णिमेला तीन आठवडे होते. पासली वेल्ह्याच्याही पुढे, डोंगरातलं गाव. तिथल्या वाडीत दोन पार्ट्यांचा मुकाबला ठेवला होता, आमची आणि पलीकडच्या जिल्ह्यातली एक. आबा उठून कामावर निघून गेले. मी मात्र त्या दिवशी एक टाका घातला नाही. ती वही आबांच्या मांडीवरून उठली असती तर आबा राहिले असते, पण माझे आबा राहिले नसते. हे मला तेव्हाच स्वच्छ दिसत होतं.

एसटी स्टँडच्या मागे रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदार चाचा माझं गिऱ्हाईक, म्हणजे त्यांच्या नातींचे फ्रॉक मी शिवायची. पुण्यात विजेवरचे बेंजो आणि गिटारी वाजतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. आपल्या बेंजोला तसा आवाज देता येईल का, असं मी विचारलं. चाचांनी बेंजो उलटापालटा केला, बटणं बघून हसले आणि फळीवरून एक धूळ खात पडलेला ट्रान्झिस्टर काढला.

"ह्यो बग. ह्याचा कान गेलाय," ते म्हणाले. "स्टेशन पकडत न्हाई. पर गळा शाबूत हाय. मधी कायबी घाल, मोठ्यांदा बोलून दाखवतो."

मी एकदम म्हणाले, "आमच्या आबांसारखंच."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि बेंजो पुढे ओढला. त्यांनी काम समजावून सांगितलं. तारांखाली लोखंडाचा तुकडा ठेवायचा, त्याच्या बुडाशी चुंबक, आणि भोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. जितके जास्त तितके चांगले. वर पोलादाची तार हलली की वेढ्यांत वीज थरथरते. ती थरथर ट्रान्झिस्टरच्या गळ्यात सोडायची. चुंबक एका फाटक्या स्पीकरमधून मिळालं. तारेसाठी त्यांनी एक जळका ट्रान्सफॉर्मर दिला. "वेढं हातानं हुयाचं न्हाईत," ते म्हणाले. "बोटं मोडतील."

हाताने कशाला? शिलाई मशीनवर बॉबिन भरायचं चाक असतंच की. चाचांना ते सुचलं नव्हतं, आणि याचा मला आजही आनंद होतो.

घरी आले. दोऱ्याचं लाकडी रीळ कापून बुटकं केलं आणि भोकात लोखंडी बोल्ट बसवला. पण ट्रान्सफॉर्मरची तार मेण आणि लाखेने चिकटून बसलेली, सुटेना. शिवाय दिसायला काळपट, तांब्यासारखी अजिबात नाही. आईने ती पाहिली आणि तिच्या अंगात आलं. आमच्याकडे तांब्याची एकच घागर होती. आई ती दर आठवड्याला चिंच आणि राख लावून अशी घासायची की त्यात तोंड दिसावं. काळं तांबं तिला सहनच व्हायचं नाही. "घान तार बेंजोत घालतीस?" असं म्हणून तिने तो गोळा निखाऱ्यावर धरला. मेण वितळलं, लाख जळली, तार सुटली. मग आम्ही मायलेकींनी दोन दुपारी बसून ती तार चिंचेच्या कोळात भिजवलेल्या फडक्यातून हलक्या हाताने ओढून काढली. लालबुंद, लखलखीत तार. चार ठिकाणी तुटली, पण गाठी मारून जोडली. मी मशीनचं चाक हाताने हळूहळू फिरवत रीळ भरलं. ते रीळ सोन्याच्या दागिन्यासारखं चमकत होतं. आईने ते शेजारणीला नेऊन दाखवलं.

चाचांनी ते जोडलं. ट्रान्झिस्टर मुका. त्यांनी भिंगातून रीळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कशानं धुतलं?"

"चिंचेनं."

चाचा इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. मग म्हणाले, "अगं, ती काळी साल म्हंजी घान न्हाई, तारंचं कापड हाय. तू शिवनकाम करतीस ना? तारा उघड्या करून एकमेकीला चिकटिवल्या तर वीज वेढं कशाला घेईल? आडवाटंनं पळती. जितं जोड द्याचा, तितंच खरडायचं."

मला इतकी लाज वाटली की मी फाडकन म्हणाले, "मग आधी सांगायचं की." त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. दुसरा ट्रान्सफॉर्मर शोधायला आठवडा गेला. तोवर पौर्णिमा चार दिवसांवर आली. आईला मी या वेळी जवळपास फिरकू दिलं नाही. ती दारात उभी राहून "काळीच गुंडाळतीस का?" असं विचारत राहिली. गरम पाण्यात गोळा ठेवून मेण सोडवलं आणि तार न घासता, काळीच, रिळावर भरली. रीळ दिसायला भिकार झालं. चाचांनी कथलाचा डाग देऊन त्याची दोन टोकं ट्रान्झिस्टरला जोडली आणि आवाजाचं चाक फिरवलं. मी लाल बटण दाबून तार छेडली.

दुकानासमोरून जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबला. एवढा आवाज माझ्या त्या मरतुकड्या पेटीतून निघाला होता. जाड, गोड, लांब रेंगाळणारा. मी पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला. साथीच्या पितळी तारा तेवढ्या चुंबकाला जुमानेनात. त्यांच्या जागी चाचांनी सायकलच्या ब्रेक केबलमधले पोलादी धागे उसवून दिले आणि तेही बोलायला लागले. मला नाचावंसं वाटत होतं. भर बाजारात नाचता येईना म्हणून मी चाचांच्या नातींना एकेक फ्रॉक फुकट शिवून देईन असं सांगून टाकलं, आणि नंतर दिलेही.

एकच गोष्ट राहिली होती. ट्रान्झिस्टर आबांच्या कानाजवळ असायला हवा, आणि हे आबांना कळता कामा नये. कळलं असतं तर त्यांनी तो उचलून लांब ठेवला असता. मी चाचांना सांगितलं, बेंजोपासून ट्रान्झिस्टरपर्यंतची वायर हातभरच ठेवा. म्हणजे तो आबांच्या डाव्या मांडीशेजारीच येईल, दुसरीकडे जाणारच नाही. चाचा म्हणाले, "वायर भरपूर हाय की." मी म्हणाले, "नको, तोकडीच पायजे." ते समजले.

घरी आबांसमोर वाजवून बघायला सवडच मिळाली नाही. ते घाटातून अंधार पडल्यावर यायचे आणि पहाटे जायचे. सेलही जपायचे होते. त्यामुळे आबांना ते ऐकू येईल की नाही, हे मला पासलीला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

वेल्ह्यापर्यंत एसटीने गेलो, पुढे पायी. भातखाचरांत राब भाजल्याचे काळे चौकोन पडले होते आणि वाटेत करवंदं पिकली होती. मी बेंजो गोधडीत गुंडाळून लेकरासारखा काखेत धरला होता. वही काकांच्या पिशवीत होती. आबांनी ती निघतानाच त्यांच्याकडे दिली होती. ते मला आवडलं नाही.

वाडीत आंब्याखाली मंडप होता. गावात वीज नव्हती, मोटारीच्या बॅटरीवर एक माइक आणि एक कर्णा चालत होता. लोकांना संध्याकाळच्या आत डोंगर उतरून आपापल्या गावी जायचं होतं, म्हणून मुकाबला दुपारीच सुरू झाला. पहिली बारी पलीकडच्या पार्टीची. चांगले गायले, खोटं कशाला बोलू? त्यांचा गायक उठताना माइकमध्ये म्हणाला, "आता आमच्या आबांना ऐकूया. आबांना आमचं ऐकू आलं आसंल तर." लोक हसले. आबा गोधडीवरच्या माझ्या बोटांकडे बघत होते.

मी गोधडी सोडली. डागाजवळ रिळाची तार तुटली होती. चालताना हिसका बसला असणार. डाग द्यायला इथे काही नव्हतं. मग मला चाचांचं वाक्य आठवलं. माझ्या पिशवीत कात्री असतेच. तुटलेल्या दोन्ही टोकांवरची काळी साल मी कात्रीच्या पात्याने नखभर खरडली, आतलं तांबं लख्ख दिसलं, आणि ती टोकं एकमेकांत पिळून वर शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळला. बायकांत पुढे बसलेल्या आईला मी तार खरडताना दिसले. ती तिथूनच म्हणाली, "आता कशी घासतीया." मला हसू आलं.

ट्रान्झिस्टर आबांच्या मांडीशेजारी ठेवला. त्यांनी तो हाताने लांब सारायला बघितला. मी ओरडून म्हणाले, "आबा, वायर तोकडी हाय." ते काहीतरी पुटपुटले. मी चाक पुरतं फिरवलं आणि लाल बटण दाबून षड्ज छेडला.

आबांची मान झटक्यात ट्रान्झिस्टरकडे वळली. कुणीतरी हाक मारावी तशी. मी तोच सूर पुन्हा दिला. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि आवाज लावला. तो सुरावर असा बसला की दोन आवाज वेगळे ओळखू येईनात. काकांची थाप ढोलकीवर पडली. पहिलं कडवं झालं तेव्हा आबांनी डोळे उघडले, आणि त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं नाही. समोर पाहिलं. लोकांकडे, आंब्याकडे, पलीकडच्या पार्टीच्या त्या गायकाकडे. कित्येक वर्षांनी ते माणसांकडे बघून गात होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी हात वर करून अशी तान घेतली की मागची माणसं उठून उभी राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं चुकली नाहीत, हे मी अभिमानाने सांगते.

गाणं संपलं. पलीकडचा गायक स्वतः उठून आला आणि आबांच्या पाया पडला. लोक "आणखी एक" म्हणून थांबेनात. काकांनी पिशवीतून लाल वही काढली. मी बघत होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी आबांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पुडचं कुटलं घेयाचं, सांगा."

आबांनी वही उघडली. ते पान शोधत असताना मी सहज एक तार छेडली, तसे ते थांबले. कपाळाला आठी घालून ट्रान्झिस्टरकडे बघू लागले. मग वाकून त्यांनी आवाजाचं चाक स्वतःच्या हाताने मागे फिरवलं.

"जरा बारीक ठेव गं," ते मला म्हणाले. "लई वरडतंय."

समोर माइक होता, त्यामुळे ते साऱ्या मंडपाने ऐकलं. चार वर्षं घसा फाडून ओरडणारी माझी आई पुढे बसली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती भर सभेत हमसून रडायला लागली.

"हिला काय झालं मधीच?" आबांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "काय न्हाई, आबा. गानं सांगा."